येसर आणि येसवार

“म्हणजे ही सगळी माणसं फुकटच लिहितात?”

दुकानाच्या पुढच्या बाजूने आवाज आला. आवाज ओळखीचा नव्हता आणि मराठी पुण्याकडची होती. वडिलांनी त्याच्यासाठी स्टूल ओढल्याचं ऐकू आलं.

“फुकटच की. आन् रोज. पोरगी वाचून दाखवती नं घरी. भांडत्यात सुदिक फुकटच.”

मी मागच्या खोलीत होते. साखरेची पोती आणि भिंत यांच्या मध्ये कॉम्प्युटरचं टेबल बसवलेलं होतं. कॉम्प्युटर मालाच्या नोंदींसाठी घेतला होता, पण वडिलांना कुठला माल किती उरलाय हे मान वळवून पाहिलं की कळायचं, त्यामुळे तो माझ्याकडे राहिला. इंटरनेट टेलिफोनच्या वायरीवरून यायचं. ते चालू असेपर्यंत दुकानाचा फोन बंद पडायचा, म्हणून मला दुपारची वेळ ठरवून दिलेली होती, केजचा बाजार जेवून पेंगत असताना.

शाळेसाठी मी लहानपणीच औरंगाबादला वसतिगृहात गेले होते. शाळा इंग्रजी होती. तिथे बोललेलं इंग्रजी केजला कुणाशी बोलायचं हा प्रश्न होता आणि मराठी बोलले की दुकानातल्या बायका एकमेकींकडे बघायच्या. “मास्तरीणवानी बोलती गं,” असं एकीने मला ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हटलं होतं. त्यानंतर मी गरजेपुरतं बोलू लागले. गरज फारशी पडत नसे. घरातल्यांना त्याची सवय झाली आणि मलाही.

वडील ज्याबद्दल बोलत होते तो ई-मेलवरचा एक ग्रुप होता. बीड जिल्ह्यातून बाहेर गेलेले आणि जिल्ह्यात राहिलेले असे सगळे त्यात होते. तो कुठल्या संस्थेचा नव्हता, कुठल्या पक्षाचा नव्हता. तेलगावच्या एक ताई अमेरिकेत राहायच्या. तिकडे बर्फ पडत असताना त्यांना भाकरीसाठी ज्वारीचं पीठ कुठे मिळतं हे विचारायचं होतं. तेवढ्यासाठी त्यांनी तो सुरू केला. पीठ मिळालं की नाही मला माहीत नाही, ग्रुप मात्र वाढत गेला. सगळे मराठी इंग्रजी अक्षरांत लिहायचे. त्यामुळे ‘उद्या कढी’ आणि ‘उद्या कधी’ यात फरक राहत नसे आणि त्यावरून चार-चार दिवस चेष्टा चालायची.

ग्रुपवर नाव लिहायचं नाही असा नियम होता. नावामागे आडनाव आलं, आडनावामागे जात आली आणि जातीमागे निवडणूक आली, असं ताईंनी पहिल्याच दिवशी लिहिलं होतं. म्हणून जो तो आपल्या गावाच्या नावाने ओळखला जाई. ताई म्हणजे तेलगाव. मस्कतला मोठ्या क्रेन चालवणारे एक गृहस्थ होते, ते धारूर. त्यांना सगळे धारूरमामा म्हणायचे. मी केज. मी क्वचितच लिहायचे आणि तेही एका ओळीचं, त्यामुळे धारूरमामांनी मला मुलगा समजून टाकलं होतं. “काय बे केज, झोपला का?” असं ते विचारायचे. मी ते दुरुस्त केलं नाही. खरं तर मला बरं वाटायचं.

दुसरा नियम दाराचा होता. नव्या माणसाने आत येताना आपलं गाव सांगायचं आणि एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं: तुमच्याकडे लग्नातल्या आमटीत काय घालतात? उत्तर असायचं, येसर. बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ, धने, खोबरं असं सगळं वेगवेगळं भाजून एकत्र दळलेलं ते पीठ असतं. त्याने आमटी दाट होते आणि तिला लग्नाचा वास येतो. हा प्रश्न ताईंना गमतीने सुचला होता, पण उपयोगी पडला. लॉटरी लागल्याचं सांगणारे, औषधं विकणारे, सगळे त्या प्रश्नाशी अडायचे. अमेरिकेत रात्र असायची तेव्हा इकडे दिवस, म्हणून उत्तरं तपासून माणसाला आत घेण्याचं किंवा बाहेर काढण्याचं काम ताईंनी माझ्याकडे दिलं होतं. बोलावं लागणार नाही असं काम होतं ते. मी ते नीट करायचे.

पुढच्या बाजूला बसलेला माणूस मसाल्याच्या कंपनीचा होता. वडील तिच्या हळदीचे आणि तिखटाचे केज तालुक्यातले विक्रेते होते. गेल्या काही वर्षांत आमच्या दुकानातली पोती कमी होत गेली होती आणि छतापासून लोंबणाऱ्या पाकिटांच्या माळा वाढल्या होत्या. आत येणाऱ्या उंच माणसाला मान वाकवावी लागायची. हे कंपनीचे साहेब उंच होते. मान वाकवून ते माझ्या टेबलापर्यंत आले आणि एक नवं पाकीट ठेवलं. त्यावर नथ घातलेली बाई होती आणि लिहिलं होतं ‘येसवार’.

“आमच्यात येसर म्हंत्यात,” वडील मागून म्हणाले.

“हो का? आमच्या मोठ्या साहेबांच्या सासूबाई नगरच्या. त्यांनी सुचवलं नाव,” साहेब म्हणाले आणि माझ्याकडे वळले. “ताई, तुमच्या त्या ग्रुपवर येसरवर रोज लिहितात म्हणे लोक. मला आत घ्याल का?”

“जिल्ह्यातल्या लोकांसाठी आहे तो.”

“मग तुम्ही आहातच की. दोन ओळी लिहा. घरी करून बघितलं, छान झालं, एवढंच. कंपनीचं नाव मी सांगणार नाही, तुम्ही सांगू नका.”

“बघते,” मी म्हणाले. आमच्या घरात ‘बघते’ म्हणजे नाही. पुण्यात त्याचा काय अर्थ होतो मला माहीत नव्हतं. साहेबांनी मान डोलावली.

त्यांनी वडिलांना जाताना सांगितलं की कंपनीला केज, धारूर आणि वडवणी या तिन्ही तालुक्यांसाठी मिळून एकच विक्रेता नेमायचा आहे. वडील त्या रात्री जेवताना दोनदा म्हणाले, “माणूस चांगला हाय.”

मी लिहिलं नाही. साहेब पुन्हा आले तेव्हा मी त्यांना सांगितलं, की लिहायचं तर तुम्हीच लिहा, कंपनीचा माणूस म्हणून लिहा, मी तेलगावच्या ताईंकडे परवानगी मागते. ताईंनी एकदाच लिहायला हरकत नाही असं कळवलं. मी साहेबांना तेवढ्यापुरतं आत घेतलं आणि त्यांनी खूश होऊन भलंमोठं पत्र पाठवलं. त्याची सुरुवात होती, ‘प्रिय ग्राहक मित्रांनो’.

पहिलं उत्तर मस्कतहून आलं. “आमी गिऱ्हाईक कवा झालो? आमी तर जेवाय बसलो होतो.”

मग बाकीच्यांनी घेरलं. कुणी विचारलं, बाजरी कावून न्हाई घातली? कुणी विचारलं, खोबरं कुठलं? परळीच्या एका बाईंनी धने किती भाजायचे यावरून साहेबांची तोंडी परीक्षाच घेतली. हे सगळं चेष्टेचं असलं तरी खरं होतं. त्यांना जाणून घ्यायचं होतं. मला तेव्हा वाटलं होतं की साहेबांनी बाजरीचं नुसतं खरं उत्तर दिलं असतं, वाटल्यास ‘विचारून सांगतो’ म्हटलं असतं, तरी लोकांनी त्यांना बसायला पाट दिला असता. त्यांनी उत्तरादाखल दोन पाकिटांवर एक मोफत अशी योजना पाठवली. त्यानंतर कुणी काही लिहिलं नाही. ग्रुपवर कुणाला हाकलायचं नसेल तेव्हा असंच करायचे.

काही आठवड्यांनी आष्टीहून एक उत्तर आलं. म्हणजे बाई आष्टीच्या, पण चिंचवडला कारखान्यातल्या कामगारांची खाणावळ चालवणाऱ्या. त्यांची भाची टाईप करत होती. लग्नातल्या आमटीत काय घालतात, या प्रश्नावर त्यांनी लिहिलं होतं, ‘येसवार’. त्यापुढे ते कसं करतात याचं एवढं लांब वर्णन होतं, त्यात बाजरी आधी धुऊन सावलीत वाळवायची, मग भाजायची, भाजताना लग्नघरच्या बायका काय काय बोलतात, हे सगळं होतं. मी त्यांना आत घेतलं. शब्द वेगळा आहे हे माझ्या लक्षात आलं होतं, पण बाकीचं वाचल्यावर शब्दावर अडावंसं वाटलं नाही.

आष्टीच्या मावशी रोज लिहायच्या. सगळ्यांना आवडायच्या. मग एकदा त्यांनी लिहिलं, “हितं खाणावळीत भाजाय दळाय जागा न्हाई. मी ते पाकीट आणती. वास बरा हाय, मीठ लई हाय.”

एवढं पुरलं. कुणीतरी त्यांचं पहिलं उत्तर शोधून काढलं. येसवार! पाकिटावर येसवार, आणि बाईंच्या तोंडी येसवार. बीड जिल्ह्यात कोण येसवार म्हणतं? धारूरमामांनी लिहिलं, “साहेबांनी साडी नेसली बे!” सगळे हसले. हसू दोन दिवस चाललं आणि मग ते हसू राहिलं नाही. लोकांनी त्यांचं जुनं लिहिलेलं उकरून त्यात कंपनी शोधायला सुरुवात केली. मावशींच्या नणंदेच्या बाळंतपणाची एक हकीकत होती, तीही बनावट ठरली. मावशींनी लिहिलं, “मी खोटं न्हाई बोलत. आमच्या आष्टीत असंच म्हंत्यात.” त्यावर परळीच्या बाईंनी लिहिलं की यांचं बोलणंसुद्धा जाणूनबुजून गावठी केलेलं दिसतं.

ताईंनी मला वेगळी मेल पाठवली. ‘मी घरच्या लग्नासाठी तेलगावला येतेय. तोवर हे मिटलं पाहिजे. त्या बाईंना काढून टाक. एकदा कंपनीचा माणूस खोट्या नावाने आत शिरला की कुणी कुणावर विश्वास ठेवणार नाही.’

ताईंचं म्हणणं चूक नव्हतं, आणि तीच मला त्यातली अडचण वाटत होती.

साहेब दुकानात आले तेव्हा मी पोत्यांच्या मधून बाहेर येऊन त्यांना हा सगळा प्रकार सांगितला आणि विचारलं, “आष्टीच्या बाई तुमच्या आहेत?”

“छे. माझ्या असत्या तर मी मिठाचं लिहू दिलं असतं का?” ते हसले. मग गंभीर झाले. “पण ताई, तुम्ही यात पडू नका. कंपनी खोट्या नावाने लिहिते, नाही लिहिते, असा विषय निघाला की तो वर जातो. वर गेला की तीन तालुके विसरा.”

संध्याकाळी मी आईला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. तिची मावसबहीण आष्टीला दिलेली होती.

“मंग? येसवारच म्हंत्यात की तिकडं,” आई म्हणाली. “त्यांचं समदं तोंड नगरकडं. बाजार नगरला, दवाखाना नगरला, सोयरीक नगरला. बीडला येत्यात ते निस्तं कागदाला. माझी बहीण हितं आली की येसवार म्हणायची आन् आमी तिला हसायचो.”

जिल्हा एक होता, पण आमच्या ग्रुपवर सगळे केज, अंबाजोगाई, परळी, धारूर या बाजूचे. आष्टीकडचं कुणी आधी आलंच नव्हतं. आम्ही जो प्रश्न बाहेरच्यांना अडवायला दारात ठेवला होता, त्याच्या उत्तरात आमच्याच जिल्ह्याची एक बाजू बसत नव्हती, आणि हे एवढ्या दिवसांत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

“मंग लिव की तसं,” वडील म्हणाले. ते केव्हा आत आले होते ते मला कळलं नव्हतं. “साहेबालाच इचारलंय म्हून लिव.”

“साहेब कुठे भेटला, असं विचारतील.”

“दुकानात भेटला म्हून सांग. चोरी हाय का काय?”

चोरी नव्हती. पण दाराची किल्ली जिच्याकडे आहे तिच्या वडिलांच्या दुकानात तेच पाकीट माळेला लटकतंय, हे ग्रुपवर कुणाला माहीत नव्हतं. कुणी विचारलं नव्हतं, मी सांगितलं नव्हतं. आता आष्टीच्या मावशींची बाजू घ्यायची तर आधी ते सांगावं लागणार होतं, आणि ते सांगितलं की माझी साक्ष खरी कोण धरणार? उलट मावशींचं उरलंसुरलंही गेलं असतं. मी वडिलांना हे समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, साहेबांची अट त्यांना माहीत होती की नाही हे मी विचारलं नाही, आणि ते पुन्हा पुढे जाऊन बसले.

मी मावशींना काढलं नाही. त्यांच्या बाजूने लिहिलंही नाही. लिहायला बसायचे, इंग्रजी अक्षरांत मराठी वाक्यं जुळवायचे आणि पुसायचे. ताईंना कळवलं, ‘बघते’. ताई तेलगावच्या होत्या, त्यांना अर्थ कळला असणार.

लग्न झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी ताईंनी ग्रुपमधल्या जवळपासच्या सगळ्यांना मांडवातच जेवायला बोलावलं. आमंत्रण ग्रुपवर टाकलं होतं, म्हणजे ते सगळ्यांना गेलं होतं. साहेबांना कुठून तरी सुगावा लागला. त्यांनी ताईंना फोन करून जेवणाचा खर्च कंपनी करेल, मांडवाला फक्त एक कापडी फलक लावू द्या, असं म्हटलं. ताई म्हणाल्या, “फलक नको. जेवायला या.” याचा साहेबांनी आमंत्रण असा अर्थ घेतला आणि ते बरोबरच होतं. ते कंपनीच्या जीपमधून निघाले, वडिलांना बरोबर घेतलं. मला आग्रह झाला. मी एसटीने गेले.

मांडवात कालच्या झेंडूच्या माळा सुकलेल्या होत्या. ताई माझ्या कल्पनेपेक्षा बुटक्या होत्या आणि भरभर चालत होत्या. धारूरमामा सुट्टीवर आले होते. ताईंनी त्यांना माझी ओळख करून दिली. “केज म्हंजे ही?” ते म्हणाले. “अगं माय, म्या हिला काय काय बोललो!” सगळे हसले, मीही हसले. लिहिताना ज्यांची ओळख होती ती माणसं अशी मिशा, घाम, चष्मे, मांडीवरची पोरं घेऊन बसलेली बघणं विचित्र वाटत होतं. पंगत बसली. साहेब कोपऱ्यात, वडील त्यांच्या शेजारी. साहेब कुणालाच काही विकत नव्हते, मन लावून जेवत होते. तेव्हा ते मला प्रथमच आवडले.

आमटीची दुसरी फेरी चालू असताना एक बाई मांडवाच्या तोंडाशी येऊन उभ्या राहिल्या. नऊवारी, हातात पितळी डबा, बरोबर कॉलेजच्या वयाची एक मुलगी. मुलीने विचारलं, “तेलगावच्या ताई कोणत्या? आम्ही आष्टी.”

पंगतीतल्या माना वळल्या. मग धारूरमामांनी हात वर केला.

“या, या, कंपनी आली! मावशी, पगार रोख देत्यात का पाकिटात?”

पंगतीत हसू पसरलं. मावशी हसल्या नाहीत. त्यांनी डबा दुसऱ्या हातात घेतला.

“कंपनीचा माणूस कसा दिसतो ते बी मला ठावं न्हाई, भाऊ,” त्या म्हणाल्या. “गावी आल्ते म्हून आले. येसवार आणलंय घरचं. खाऊन बगा आन् मंग बोला.”

“कशाला तरास घेतला,” परळीच्या बाई म्हणाल्या. “ते बाजारात मिळतंय की आता.”

पुन्हा हसू. ताई पुढे झाल्या. त्यांनी मावशींच्या हातातला डबा घेतला, न उघडता बाजूच्या खुर्चीवर ठेवला आणि म्हणाल्या, “आलाय तर जेवून जा.” आवाज चांगला होता. पण ‘बसा’ असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि पंगतीतलं कुणी सरकलं नाही. मावशींनी खुर्चीवरच्या डब्याकडे बघितलं. भाचीने त्यांच्या कोपराला धरलं आणि हळूच म्हणाली, “मावशे, चल. परतीची एसटी जाईल.”

मी साहेबांकडे बघितलं. त्यांनी मान ताटात घातली होती. वडील मात्र माझ्याकडेच बघत होते. ते तिन्ही तालुके त्यांच्या तोंडावर दिसत होते असं मी म्हटलं तर ते माझ्या मनचं असेल. त्यांचा चेहरा नेहमीसारखाच होता, माल उतरवून घेताना असतो तसा. त्यांनी डोळे मिटले नाहीत, मान हलवली नाही, मला अडवलंही नाही.

मावशींनी डबा उचलला आणि त्या वळल्या.

मी उठून उभी राहिले. हात आमटीने भरलेला होता आणि तो कुठे ठेवावा हे मला कळत नव्हतं. लोक माझ्याकडे बघायला लागले. मनातल्या मनात मी वाक्य इंग्रजीत सुरू केलं, मग ते सोडून दिलं. जे आलं ते मास्तरीणवानीच आलं, पण शेवटच्या माणसाला ऐकू गेलं.

“कंपनीचे साहेब ते तिथे बसलेत, आणि त्यांच्या शेजारी माझे वडील आहेत. ते पाकीट आमच्या दुकानात विकलं जातं. कंपनीचं कुणी शोधायचंच असेल तर ते मला म्हणा. ह्या मावशी आष्टीच्या आहेत, आणि आष्टीत येसवारच म्हणतात. सरका, त्यांना बसू द्या.”